मतलई, खारे आणि मायोर्का

पहिला दिवस, मंगळवार

विमान स्पेनच्या मायोर्का बेटावर, पाल्माच्या धावपट्टीकडे उतरायला लागलं तेव्हा बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. "अगं, पवनचक्क्या बघ. किती त्या!" मी मोजायला घेतल्या आणि तिशीच्या पुढे नाद सोडला. विमानतळाभोवतीच्या सपाट शेतांमध्ये दगडी बुरुजांवर त्या उभ्या आहेत. काहींची पाती नव्यानं रंगवलेली, पुष्कळांचा नुसता लोखंडी सांगाडा उरलेला.

या चक्क्या पाणी उपसायच्या. हा सगळा भाग पूर्वी दलदलीचा होता. 1840 च्या दशकात एका डच इंजिनिअरनं वाऱ्यावर पाणी उपसणारी पहिली चक्की इथे उभारली. मग शेतकऱ्यांनी आपापल्या विहिरींवर तशाच चक्क्या बसवल्या आणि बघता बघता सगळं रान चक्क्यांचं झालं. पुढे मोटारपंप आले, उपसा वाढला, आणि समुद्राचं पाणी जमिनीखालून विहिरींत शिरलं. भाड्याच्या गाडीत बसताना मी हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "किनाऱ्यावरच्या विहिरींचं दुखणं सगळीकडे तेच गो."

बाबांनी मालवणजवळच्या एका शाळेत 32 वर्षं भूगोल शिकवला. मी म्युनिकला राहते, आणि आई-बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. काय काय बघायचं म्हणून विचारलं तेव्हा आईनं बर्फाचे डोंगर सांगितले. बाबांनी जरा वेळ घेतला आणि म्हणाले, "ते गरम हवेच्या बलूनमध्ये बसतात, ते जमेल का? मला एकदा वाऱ्यातून जायचंय." म्युनिकजवळही बलून उडतात. पण बाबांना हवं होतं बेट, जिथे जमीन आणि समुद्र यांची रोजची देवघेव वाऱ्यात दिसते. मायोर्का सव्वादोन तासांवर आहे. क्षेत्रफळ सुमारे 3,640 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून लहान, आणि चारही बाजूंनी भूमध्य समुद्र. मे महिन्याचा दुसरा आठवडा ठरवला. भर उन्हाळ्यातली पर्यटकांची गर्दी अजून सुरू झालेली नसते आणि रानात हिरवं असतं.

मुक्काम मानाकोरच्या बाहेर, शेतातल्या एका जुन्या दगडी घरात. मानाकोर हे राफेल नदालचं गाव, एवढं आईला ठाऊक होतं, आणि गावात शिरताना तिनं ते दोनदा सांगितलं. अंगणात कॅरोबचं मोठं झाड होतं. त्याच्या शेंगा चिंचेसारख्या दिसतात, चवीला मात्र गोड असतात.

रात्री नऊला बलूनच्या पायलटबाईंचा निरोप आला: सकाळी पावणेसहाला गावाबाहेरच्या मैदानावर या, उडायचं की नाही ते तिथेच ठरेल.

दुसरा दिवस, बुधवार

पावणेसहाला पूर्ण अंधार होता. मैदानावर दोन जीपगाड्या, ट्रेलरवर ठेवलेली वेताची मोठी टोपली, आणि आमच्यासारखीच कुडकुडणारी पाच माणसं. मे महिन्यात इतका गारठा असेल असं वाटलं नव्हतं. अंगणातल्या कॅरोबची सळसळ मी रात्रभर ऐकली होती, तरी मनात आशा होतीच.

पायलटबाई पन्नाशीच्या, इथल्याच. जर्मन उत्तम बोलत होत्या, त्यामुळे माझी दुभाषी म्हणून सोय झाली. त्यांनी खिशातून एक साधा फुगा काढला, वाढदिवसाला असतो तसा. त्यात हेलियम भरला, खाली बारीकसा दिवा अडकवला आणि सोडून दिला. फुगा सरळ वर जाईल या अपेक्षेनं आम्ही माना वर केल्या. तो माणसाच्या उंचीवरूनच दक्षिणेकडे आडवा पळाला आणि पंधरा-वीस सेकंदांत बदामाच्या झाडांवरून दिसेनासा झाला. बाईंनी मान हलवली. "त्रामुन्ताना," त्या म्हणाल्या. "आज नाही. उद्याही कठीण आहे."

जमिनीवरचा वारा ताशी 15-18 किलोमीटरच्या पुढे गेला की बलून उभा करणंच अवघड होतं, आणि उतरताना टोपली शेतातून फरफटत जाते. त्यामुळे या धंद्यात 'नाही' म्हणता येणं फार महत्त्वाचं. बाई एका मिनिटात नाही म्हणाल्या, याचं मला बरंच वाटलं.

आई हिरमुसली. बाबा मात्र तो फुगा गेला त्या दिशेला बघत उभे होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आठवतं का तुला सोडणाचं?"

आठवत होतं. सातवीत मी त्यांच्याच वर्गात होते. खारे आणि मतलई वारे हा धडा आला की बाबा अख्ख्या वर्गाला दोनदा समुद्रावर न्यायचे, सकाळी सातला आणि दुपारी चारला. वाळूत नारळाची सोडणं रचून पेटवायची आणि धूर कुठे जातो ते बघायचं. सकाळी धूर होड्यांवरून समुद्राकडे जायचा, दुपारी तोच धूर वळून माडांत शिरायचा. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा येते, ते खारे वारे. रात्री उलटं होतं, जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई. परीक्षेत याची आकृती काढून पाच मार्क मिळायचे. पण आमच्या वर्गातल्या कुणाला ते आज विचारलं तर आकृतीच्या आधी त्या सोडणाचा वास आठवेल.

दिवस मोकळा मिळाला होता आणि बुधवार होता, म्हणून सिनेऊला गेलो. बेटाच्या मधोमध टेकाडावर वसलेलं हे गाव, आणि तिथला बुधवारचा बाजार 1306 पासून भरतो. भाज्या, ऑलिव्ह, चामड्याच्या पिशव्या, आणि खालच्या अंगाला चक्क मेंढ्या, कोंबड्या, ससे. आई त्या कोंबड्यांपाशी बराच वेळ रेंगाळली. गळ्यात माळा घालाव्यात तसे टोमॅटोचे झुबके दोरीत ओवून टांगले होते. हे टोमॅटो महिनोन्‌महिने टिकतात. पावावर चोळायचे, वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ: पा आम्ब ओली. नावाचा अर्थ सरळ, तेलाबरोबर पाव.

इथली प्रसिद्ध मिठाई म्हणजे एन्साइमादा, पिठीसाखर भुरभुरलेली, शंखासारखी गोल वळवलेली. आपल्या लोकांनी घेण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवावी: 'साईम' म्हणजे डुकराची चरबी, आणि या पदार्थाचं नावच त्यावरून पडलं आहे. आईला सांगितल्यावर तिनं हात मागे घेतला. आम्ही बदामाचा केक घेतला, गातो म्हणतात त्याला. त्यात मैदा नसतो, बदामाचं पीठ, अंडी आणि साखर. जेवायला तुम्बेत मिळालं. वांगी, बटाटे आणि ढोबळी मिरची वेगवेगळी तळून थरावर थर लावायचे आणि वरून टोमॅटोचा रस. आईनं त्यातल्या वांग्याची मनापासून स्तुती केली, आणि ती वांग्याची स्तुती सहसा करत नाही.

बाजारात एका मातीकाम विकणाऱ्या बाईकडे बाबांना एक टाइल दिसली. पांढऱ्या जमिनीवर निळ्या रंगात आठ पाकळ्यांचं चक्र, प्रत्येक पाकळीवर एक नाव. वाऱ्यांची नावं. उत्तरेचा त्रामुन्ताना, म्हणजे डोंगरांपलीकडून येणारा. ईशान्येचा ग्रेगाल, ग्रीसकडचा. पूर्वेचा लेवान्त, आग्नेयेचा शालोक, दक्षिणेचा मिजोर्न, नैऋत्येचा लेबेच, पश्चिमेचा पोनेन्त, वायव्येचा मेस्त्राल. बेटाच्या वायव्य काठावरच्या पर्वतरांगेचं नावही त्रामुन्तानाच. तिथल्या दगडी बांधांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतीमुळे 2011 मध्ये युनेस्कोनं ती रांग जागतिक वारसा यादीत घेतली. डोंगर आणि वारा एकाच नावाचे, हे बाबांना फार आवडलं. त्यांनी मला प्रत्येक नावाचा उच्चार त्या बाईला विचारायला लावला आणि डायरीत देवनागरीत उतरवून घेतला. बाईही गिऱ्हाईक सोडून आठही नावं दोनदा म्हणून दाखवत राहिली. टाइल अर्थातच घेतली.

तिसरा दिवस, गुरुवार

सकाळी फोन आला, आजही नाही. वारा उतरतोय, उद्या बहुतेक जमेल.

पोर्तो क्रिस्तोच्या द्राक गुहा पाहिल्या. चुनखडीच्या खांबांमधून तास-सव्वा तास उतरत जायचं आणि शेवटी जमिनीखालचं तळं, मार्तेल तळं. 1896 मध्ये एदुआर मार्तेल या फ्रेंच संशोधकानं या गुहांचा शोध घेतला, त्याचं नाव दिलंय. सगळे दिवे मालवतात आणि अंधारातून, दिव्यांनी उजळलेल्या होडक्यांतून वाद्यं वाजवत वादक येतात. सुंदर आहे, पण गर्दीही तेवढीच. माझ्या मनात राहिलं ते वेगळंच: होडीवरच्या दिव्याचं पाण्यातलं प्रतिबिंब जराही थरथरत नव्हतं. दोन दिवस कानांत वारा घुमत होता आणि इथे तो मुळीच नव्हता.

मग बंदरावर बसलो. सव्वाअकराच्या सुमाराला पाणी आरशासारखं होतं. बाराला पलीकडच्या टोकावर पाणी काळसर झालं, त्या रेघा सरकत सरकत आमच्याकडे आल्या आणि शिडांच्या होड्यांच्या दोऱ्या डोलकाठ्यांवर टिकटिक वाजायला लागल्या. बाबांनी घड्याळ बघितलं. "खारे सुरू झाले," ते म्हणाले. इतक्या सहजपणे म्हणाले, जसं घरी ओसरीत बसून म्हणतात.

चौथा दिवस, शुक्रवार

आज कॅरोबचं पानही हलत नव्हतं.

मैदानावर तीच माणसं, तोच अंधार. बाईंनी फुगा सोडला. तो डुलत डुलत वर गेला, आधी हळूच पूर्वेकडे, समुद्राच्या बाजूला. खूप वर गेल्यावर दिव्याचा ठिपका थांबल्यासारखा झाला आणि मग उलटा, वायव्येकडे सरकायला लागला. "दोन थर आहेत," बाई म्हणाल्या. "खाली तेराल, वर शालोक. आज बेट आपल्यावर खूश आहे."

तेराल म्हणजे काय, बाबांनी मला विचारायला लावलं. रात्रभर निवलेल्या जमिनीवरून पहाटे समुद्राकडे वाहणारा वारा, बाईंनी सांगितलं. मी मराठीत सांगायच्या आधीच बाबांना कळलं होतं. "मतलई," ते बाईंना म्हणाले, छातीवर हात ठेवून, जणू स्वतःची ओळख करून देताहेत. बाईंनी म्हणून बघितलं, "मतलाई." आणि दुपारचा? तो अम्बात. बाबांनी डायरी काढली. टाइलवर आठ नावं होती, पण रोजच्या येण्या-जाण्याच्या वाऱ्यांची ही दोन घरगुती नावं तिच्यावर नव्हती.

मग तयारी. टोपली आडवी केली, तिच्यापुढे कापड पसरलं. कापड नायलॉनचं, उभं राहिल्यावर सात-आठ मजली इमारतीएवढं होणारं. मोठ्या पंख्यानं आधी साधी थंड हवा भरली. आई आणि मी तोंडाशी कापड धरून उभ्या होतो. आत एक लाल-पिवळा मंडप फुगत चालला होता. अर्धाअधिक भरल्यावर बाईंनी बर्नर सुरू केला. प्रोपेनची ज्वाला दोन-तीन मीटर लांब, आणि आवाज असा की आई दचकून माझ्यावरच आली. चार-पाच मिनिटांत कापड जमिनीवरून उठलं, टोपली सरळ झाली आणि अंधारात तो सबंध गोळा आतून कंदिलासारखा उजळला. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या आत उभं राहिलं तर कसं दिसेल, तसं.

टोपली वेताचीच का, असं मी विचारलं होतं. आपटल्यावर वेत वाकतो आणि धक्का स्वतःत जिरवतो, म्हणून इतक्या वर्षांनंतरही त्याला तोड नाही. बाजूला पाय ठेवायला खाचा आहेत, त्यांत पाय घालून आत चढायचं. आईच्या गुडघ्याची मला काळजी होती, पण तिनं पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली आणि माझ्याआधी चढली. उडण्याआधी उतरण्याचा सराव करवून घेतात: पाठ जायच्या दिशेला, गुडघे किंचित वाकवलेले, आतल्या दोरीच्या कड्या घट्ट धरायच्या, सांगेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. बाबांनी हिशेब विचारला. बलूनमध्ये साधारण 5,000 घनमीटर हवा, आतलं तापमान शंभर अंशांच्या आसपास. बाहेरच्या हवेपेक्षा ती दर घनमीटरला पाव किलोहून थोडी जास्तच हलकी. म्हणजे सव्वा टन वजन सहज उचलेल, बाबांनी तिथल्या तिथे सांगितलं. बाईंनी मान डोलावली.

आणि मग जमीन खाली गेली. आम्ही वर गेलो असं वाटलंच नाही. झटका नाही, पोटात गोळा नाही. जीपगाड्या, पंखा, हात हलवणारी दोन मुलं लहान लहान होत गेली. आई डोळे मिटून कडी धरून होती. जरा वेळानं तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. "अगो बाई, हलत कसं नाही काही?"

खरंच काही हलत नव्हतं. आम्ही ताशी दहा किलोमीटरनं समुद्राकडे चाललो होतो. खालची झाडं मागे जात होती. पण आईच्या ओढणीचं सुटलेलं टोक सरळ खाली लोंबत होतं, जराही फडफडत नव्हतं. आम्ही वाऱ्याबरोबरच चाललो होतो, त्याच वेगानं, म्हणून तो अंगाला लागत नव्हता. बाबांनी ते टोक बघितलं, बोटांत धरलं, सोडून दिलं. पुन्हा बघितलं.

सूर्य आला तो अर्ताच्या टेकड्यांकडून. आधी मानाकोरच्या चर्चचा उंच मनोरा उजळला, मग घरांची कौलं, मग सगळं एकदम. हे बेट वरून बघण्यासारखं का आहे ते तेव्हा कळलं. किनारे, बीच, हॉटेलं, ज्यांच्यासाठी लोक येतात, ती दूर काठावर राहतात. मधलं सपाट मैदान, प्ला, ते खरं बेट. कोरड्या दगडांच्या बांधांनी त्याचे हजार तुकडे केलेत, एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही. बदामांच्या रांगा, एकेकटी अंजिराची झाडं आणि त्यांच्या सावलीत दाटून बसलेल्या मेंढ्या, पिवळं पडायला लागलेलं जवाचं पीक, आणि बांधाच्या कडेनं पॉपीच्या फुलांची लाल किनार. सावल्या लांबच लांब पडल्या होत्या. आमच्या बलूनची सावली त्या बांधांवरून न अडखळता चालली होती.

आवाजांचं कुणी आधी सांगितलं नव्हतं. बर्नर बंद असला की इतकी शांतता असते, आणि त्या शांततेत खालचा प्रत्येक आवाज वर येतो. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, कोंबडा, कुठेतरी मोटारसायकल सुरू होईना तिची धडपड. कुत्री तर सगळ्या बेटाची आम्हाला बघून भुंकत होती. एका शेतात बायको अंगणातून नवऱ्याला हाक मारत होती, तीही स्पष्ट ऐकू आली. आई म्हणाली, "चहा झाला म्हणत असणार."

पूर्वेला समुद्र मोठा होत होता. गुहा पाहिल्या तो पोर्तो क्रिस्तोचा किनारा ओळखू यायला लागला, तशी माझ्या मनात शंका आली. बलूनला सुकाणू नसतं. पायलटच्या हातात दोनच गोष्टी, वर जाणं आणि खाली येणं. खाली यायचं तर डोक्यावरची झडप दोरीनं उघडून गरम हवा सोडायची, वर जायचं तर बर्नर. दिशा हवी असेल तर ती ज्या थरात मिळते तो थर शोधायचा. बाईंनी रेडिओवर खालच्या गाडीशी दोन शब्द बोलून घेतले, सगळ्यांकडे बघून हसल्या आणि बर्नर लांबवर सोडला. आम्ही चढायला लागलो. तीनशे मीटर, साडेतीनशे. चारशेच्या सुमाराला अचानक गालावर वाऱ्याची झुळूक आली. उबदार, दोन-तीन सेकंदांचीच. ओढणीचं टोक एकदा फडफडलं आणि पुन्हा पडलं.

"बदलला!" बाबा ओरडले. मराठीत, सगळ्या टोपलीला ऐकू जाईल असं. "बदलला गो वारो!"

भाषांतराची गरज पडली नाही. बाईंनी अंगठा वर केला. एका थरातून दुसऱ्यात शिरताना, बलूननं नव्या वाऱ्याचा वेग पकडेपर्यंत, तेवढाच काय तो वारा बलूनमध्ये जाणवतो. खाली बघितलं तर सावली थांबली होती. मग ती हळूहळू आली त्याच बांधांवरून परत निघाली, मानाकोरच्या उत्तरेनं पेत्रा गावाच्या दिशेला. समुद्र पाठीशी गेला. मतलईनं नेलं आणि शालोकानं परत आणलं.

सहाशे मीटरवरून बेट जवळजवळ सगळं दिसत होतं. वायव्येला त्रामुन्तानाच्या निळ्या कडा एकामागे एक, दक्षिणेला फेलानित्सजवळचा सान साल्वादोरचा मठ आपल्या डोंगरावर. समोर पेत्रा, जिथे 1713 मध्ये जुनिपेरो सेर्रा हा फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक जन्मला. त्यानं पुढे कॅलिफोर्नियात मिशनं उभारायला सुरुवात केली. पेत्राजवळच्या टेकडीवर बोनानीचं देऊळवजा चर्च आहे. 'बोन आन्य' म्हणजे चांगलं वर्ष. दुष्काळानंतर पाऊस पडला आणि वर्ष चांगलं गेलं, म्हणून ते नाव. आईनं हे ऐकून त्या टेकडीला हात जोडले.

बाबा बोलत नव्हते. मी त्यांच्या शेजारी सरकले. ते खाली बघत होते, पण दृश्याकडे नाही, सावलीकडे. ती कुठल्या बांधावर आहे, पुढचा बांध कधी ओलांडते, घड्याळात बघून मोजत होते. डायरीत आकडे होते. मी काही विचारलं नाही. नंतर खोलीवर बघितलं तेव्हा त्या पानावर ताशी 14 किलोमीटर असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या होत्या, आणि बाजूला, फळ्यावर काढायचे तशी, दोन बाणांची आकृती. खालचा बाण समुद्राकडे, वरचा जमिनीकडे.

सव्वा तास झाला होता. बाईंनी सांगितलं की आता उतरायला हवं. साडेनऊ-दहानंतर जमीन तापते, खालून हवेचे झोत उठतात आणि मग अम्बात येतो. उन्हाळ्यात तो ईशान्येच्या अल्कुदियाच्या उपसागरातून आणि नैऋत्येच्या पाल्माच्या बाजूनं, दोन्हीकडून आत घुसतो आणि बेटाच्या मधोमध एकमेकांना भिडतो. जिथे भिडतो तिथे दुपारी ढगांची रांग उभी राहते. बाबांनी हे तीनदा समजून घेतलं. मालवणात समुद्र एका बाजूला, म्हणून एकच खारा वारा. इथे दोन खारे वारे एकमेकांच्या अंगावर येतात, हे त्यांनी शिकवलेल्या धड्यात नव्हतं.

उतरायला एक पडीक शेत मिळालं. मेंढ्यांवरून, मग एका बांधावरून, बदामाच्या शेंड्यांना हात लागेल इतक्या खालून. "गुडघे!" बाई म्हणाल्या. टोपली एकदा टेकली, उसळली, दुसऱ्यांदा टेकली, दोन हात घसरली आणि थांबली. आईनं कडी सोडली नाही, सगळे उतरले तरी. शेवटी बाबांनी तिचा हात सोडवला.

शेताचा मालक चालत आला. सत्तरीचा, हातात काठी. बाईंनी त्याला बाटली दिली. ही रीत फार जुनी आहे. 1783 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसजवळच्या गोनेस गावात माणसांशिवाय सोडलेला हायड्रोजनचा बलून उतरला, तेव्हा घाबरलेल्या गावकऱ्यांनी त्याच्या चिंध्या केल्या होत्या. म्हणून पुढे बलूनवाले शेतकऱ्यासाठी शॅम्पेन नेऊ लागले, असं सांगतात. माणसं पहिल्यांदा दोरीनं न बांधलेल्या बलूनमधून गेली ती त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला, पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद, पॅरिसवरून सुमारे पंचवीस मिनिटं. आमच्या शेतकऱ्याला बलूनचं काही विशेष नव्हतं. तो बाबांशी पावसाबद्दल बोलायला लागला. तो कातालान या इथल्या भाषेत, बाबा मालवणीत, मधे मी आणि पायलटबाई. यंदा पाऊस कमी झाला. आमच्याकडे जूनमध्ये सुरू होईल. किती पडतो? तीन हजार मिलिमीटरच्या वर. हा आकडा भाषांतरात चुकला असणार असं त्याला वाटलं, त्यानं पुन्हा विचारलं. बाबांनी डायरीत लिहून दाखवला. त्यानं काठी टेकवून आकाशाकडे बघितलं.

कापडातली हवा काढायला सगळे लागतात. त्यावर लोळायचं, ढकलायचं, घडी करून पोत्यात कोंबायचं. आई-बाबा शेजारी शेजारी त्या कापडावर बसून हवा काढत होते. तो फोटो मी ठेवलाय. मग जीपच्या बॉनेटवर पा आम्ब ओली, ऑलिव्ह, चीज. आईनं टोमॅटो स्वतः चोळला, आणि बाईंपेक्षा चांगला चोळला असं बाईच म्हणाल्या.

पाचवा दिवस, शनिवार

विमान संध्याकाळचं होतं. पाल्माचं कॅथेड्रल तेवढं पाहून घेतलं. 1904 ते 1914 या काळात गाउदी या प्रसिद्ध वास्तुकारानं तिथे आतली मांडणी बदलली होती. मधला कमानदार छताखालचा भाग 44 मीटर उंच, पूर्वेच्या भिंतीत रंगीत काचांचं भलंमोठं चक्र, आणि सकाळच्या उन्हात त्याचे रंग समोरच्या दगडावर पडलेले. तासभर पुरला नाही. कुणी जाणार असेल तर सकाळीच जावं, ऊन पूर्वेकडून असताना.

बाहेर समुद्राच्या कठड्यावर बसलो. पावणेबारा वाजले होते. बाबांनी आधी पाण्याकडे बघितलं, मग फोन काढला. मालवणात त्यांचा वर्गमित्र आहे, त्याची होडी आहे. तिकडे सव्वातीन झाले होते.

"होडी वर घेतलंस काय?" बाबांनी विचारलं. अजून नाही, महिनाअखेर घेणार, एक जूनपासून बंदीच आहे. मग बाबांनी त्याला सगळं सांगितलं. टोपली, ज्वाला, खालचा वारा, वरचा वारा, बदलला तो क्षण. मधे एकदा ओढणीचं सांगताना थांबले, पुन्हा सुरू झाले. पलीकडून बराच वेळ आवाज नव्हता. मग त्यानं काहीतरी विचारलं आणि बाबांनी फोन कानापासून दूर धरला, कॅथेड्रलसमोरच्या पामच्या झाडांकडे वळवला. झावळ्या आत्ताच हलायला लागल्या होत्या.

"ऐक," ते म्हणाले. "आता येता हा. तुझ्याकडे वारो कसो आसा?"